तिचा नाच मी छापला

दोन हजार तेवीस साल. मला शहात्तरावं लागलं होतं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता आणि डाव्याचा काढायला मी नाही म्हणून बसलो होतो. एकदा नाही म्हटलं की नाही, हे कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत भाजीवाल्यालाही ठाऊक आहे. शिक्षण माझं पाचवी, तेही तमिळ शाळेत. बाळबोध लिपी वडिलांनी प्रेसमध्ये शिकवली, शिशाचे खिळे हातात देऊन, म्हणून मला अक्षर आधी उलटं वाचता आलं आणि मग सुलटं. हे लिहितो आहे ते कुणी सांगितलं म्हणून नाही. आमच्या घरात ह्या गोष्टीची दुसरीच हकीकत सांगतात. हसत हसत सांगतात, पाहुण्यांना कॉफीबरोबर वाढतात. त्या हकीकतीत मी एक भोळा म्हातारा आहे. मी भोळा नाही. मला फसवलं.

आधी शब्दाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे.

माझ्या नातीचा नाच ह्या डोळ्यांनी बघणार नाही, असं मी देवघरापुढे उभं राहून बोललो होतो. त्याला तेव्हा चार वर्षं होत आली होती. मुलगी-जावई आखातात, म्हणून ही पोर अगदी लहानपणापासून आमच्याकडे. पाच वर्षांची झाली तशी मीच तिला भरतनाट्यमच्या शिक्षिकेकडे घातली. संध्याकाळी प्रेस बंद करायची, तिला सायकलच्या दांडीवर बसवायची, तळ्याच्या कडेने न्यायची, आणि तिचा तास संपेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून आतला काठीचा ताल ऐकायचा. किती वर्षं हे केलं! पाऊस असला तर पायरीवर छत्री घेऊन बसलो. शेवटी शिक्षिका म्हणाल्या, आता अरंगेट्रम करू, म्हणजे पोरीला पहिल्यांदा लोकांपुढे रंगमंचावर उभी करू. दिवस ठरला, सभागृह ठरलं. पत्रिका मी स्वतः खिळे जुळवून छापली, एका अंगाला तमिळ, दुसऱ्या अंगाला आपली बाळबोध. बाळबोधाचे खिळे वडिलांच्या वेळचे, झिजलेले. त्यातले बरे बरे निवडायला चार दिवस गेले. मग घरोघर जाऊन कुंकू लावून वाटली.

अरंगेट्रमला तीन आठवडे उरले असताना पोर बंगळूरला निघून गेली. कॉलेजच्या कामाला जाते म्हणून गेली आणि तिकडून फोन केला. "आजा, मी परत येत नाही. मला बॅले शिकायचं आहे. इथे घेतलं मला."

बॅले म्हणजे काय हेही मला कुणाला तरी विचारावं लागलं.

ज्या दारांत पत्रिका द्यायला गेलो त्याच दारांत परत गेलो, कार्य नाही म्हणून सांगायला. लोक तोंडावर बरं बोलले. पानवाला तेवढा म्हणाला, "काय अय्या, पत्रिका छापली, नाचणारी छापायची राहिली काय?" दुकानापुढची सगळी रांग हसली. घरी आलो, पाय धुतले आणि विठोबापुढे जाऊन शब्द दिला. बायको मागे उभी होती. तिने पोरीला कळवलं असणार.

बोलणं मात्र मी तोडलं नाही. दर रविवारी पोरीचा फोन येई. जेवलीस का, ताप उतरला का, तिकडे थंडी आहे का. नाचाचं तीही काढत नसे, मीही नाही. बायको मधूनमधून खडा टाकून बघे.

"एकदा जाऊन बघून येऊ हो. पोर वाट बघते."

"शब्द दिलाय गे. भिंतीला नाही दिला, विठोबाला दिलाय."

"तो काही बोलला काय त्याच्यावर?"

"बोलला नाही म्हणजे त्याला कबूल आहे."

असं चाललं होतं. तिचं म्हणणं तिच्यापाशी, माझा शब्द माझ्यापाशी.

तेवीस साली पोंगल झाल्यावर एक बाई प्रेसच्या दारात येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. केस बारीक कापलेले, खांद्याला लांबट पिशवी. चेन्नईहून आले म्हणून तमिळमध्ये म्हणाली. छापचित्रं करते. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची आणि कागदावर दाबायचं. लहान चित्रं मी कागदाच्या पाठीवर चमचा घासूनसुद्धा उठवते, पण हे मोठं आहे, ह्याला वजन हवं. तुमच्याकडे लोखंडी हँडप्रेस आहे असं कळलं.

"कुणी सांगितलं?"

"ऐकलं, अय्या."

पुढे मी विचारलं नाही. माझ्याकडे हँडप्रेस आहे हे लोकांना ठाऊक असायलाच हवं असं मला वाटत होतं. मरुदानल्लूरच्या भजनोत्सवाची भित्तिपत्रकं वडिलांपासून त्याच्यावर निघत. आता ती फ्लेक्सवर निघतात, आणि तीन पावसांत नाही तर तीन उन्हांत उडून जातात.

"कसलं चित्र?"

"नाचणारीचं. रंगमंचावर नाचताना. बॅले."

मी पान थुंकायला बाहेर गेलो. आत येऊन म्हटलं, "दुसरं काही कोरता येत नाही काय?"

"येतं. पण मला हे कोरायचं आहे."

हे उत्तर मला आवडलं. खोटं कशाला सांगू? मी माझ्या अटी सांगितल्या. शाई मी मिसळणार, दांडा मी ओढणार, कागद तू ठेवायचा आणि तू उचलायचा. ती बरं म्हणाली. जवळच तिरुवलंचुळीला ओळखीच्यांकडे तिने खोली घेतली आणि बसने येऊ-जाऊ लागली. आठवड्यातून दोन दिवस छपाई, बाकीचे दिवस ती खोलीवर कोरत बसे.

तिची रीत मी पूर्वी केली नव्हती, म्हणून सांगतो. आमच्याकडे चार रंगांचं काम असलं की चार ठसे. ती एकच लिनोचा तुकडा घेई. आधी सगळ्यात फिका रंग सगळ्या कागदांवर छापायचा. मग त्याच तुकड्यातून जे फिकं राहायला हवं ते कोरून टाकायचं आणि उरलेल्यावर पुढचा, जरा गडद रंग लावून त्याच कागदांवर पुन्हा छापायचं. असं कोरत कोरत, गडद होत होत जायचं. शेवटी काळा. तोवर तुकड्यावर थोड्या रेघा उरतात, बाकी सगळं कोरून गेलेलं असतं. मागे फिरता येत नाही. कालचा रंग आज पुन्हा छापायचा म्हटलं तर तो ठसाच जगात नाही. कागद घेतले असतील तेवढेच, बिघडला तो बिघडला.

"माणूस कधी दिसणार ह्यात?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"शेवटी," ती म्हणाली. "चेहरा काळ्यात आहे."

आता आमच्या घरच्या बोलीचं सांगायला हवं. आमचे पूर्वज मराठा राजांच्या वेळी इकडे आले. तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ. आमची मराठी तुम्हा लोकांना जुनाट लागते, लागू दे. पण तिचा आम्हांला आणखी एक उपयोग आहे. बाहेरच्या माणसासमोर घरातलं बोलायचं तर मराठी. कापडाच्या दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, मुलगी बघायला गेलेल्या घरात आमची माणसं समोरच्याच्या तोंडावर हसत हसत त्याच्याविषयी मराठीत काय वाटेल ते बोलतात. आडपडदा हवा तर दार लावावं लागत नाही. सात-आठ पिढ्या आम्ही असंच जगलो. त्यामुळे दुपारी बायको कॉफी घेऊन आली आणि त्या बाईसमोर माझ्याशी मराठीत बोलू लागली, ह्यात मला काहीच वेगळं वाटलं नाही.

"आज काय उगवलं हो?"

"आज पिवळं उगवलं. दिव्याचा उजेड म्हणते. मजला तर सांडलेली डाळ दिसते."

पुढच्या खेपेला गुलाबी. मग राखाडी निळा, त्यात पहिल्यांदा आकार आला. एक पाय सरळ खाली, त्याच्या अंगठ्याच्या टोकावर सगळी नाचणारी तोललेली. दुसरा पाय मागे वर गेलेला. कमरेभोवती पांढऱ्या जाळीचा घेर, तो छापलेला नव्हताच, कागदच कोरा सोडलेला. चेहऱ्याच्या जागी नुसता फिकट डाग.

"कोण गे ही?" मी बायकोला विचारलं.

"असेल कुणी परदेशातली," बायको म्हणाली. हे शब्द तिचे. मी विसरलेलो नाही.

"उकिरड्यावर कोंबडी एका पायावर उभी राहते ना, तशी उभी आहे. आपला नाच म्हटला की गुडघे वाकवून जमिनीवर पाय आपटतात, जमिनीकडे काही मागतात. हिला जमीन नकोशीच झालीय."

बायको पदर तोंडाला लावून हसली. ती बाई लिनो पुसत होती, तिचे खांदे हलले. मला वाटलं घासलेटाचा ठसका लागला.

रविवारी पोरीचा फोन आला तेव्हा मीच मूर्खासारखा बोललो. "प्रेसमध्ये काय काम चाललंय, आजा?" तिने विचारलं, आणि मी सांगितलं, एका परदेशी नाचरीचं चित्र चाललंय, कोंबडीसारखी उभी आहे. ती हसली. खूप वेळ हसली. मग म्हणाली, "पडेल काय ती?" मी म्हटलं, "बघू. अजून दोन रंग आहेत."

तपकिरी रंग चढला तेव्हा माझी मस्करी थांबली. त्या अंगठ्याच्या टोकाखाली बाईने एक बारीक जागा ठेवली होती. मसुराएवढी सावली, बस. तेवढ्यावर ती नाचणारी जमिनीला टेकलेली. शाई जरा जास्त झाली तर ती जागा भरून जाई आणि नाचणारी चिखलात रुतल्यासारखी दिसे. शाई कमी पडली तर ती हवेत लटके, फासावर लटकल्यासारखी. पहिले दोन कागद मी बिघडवले. बाईने ते उचलून वेगळे ठेवले, मला ते जास्त लागलं. मग मी लिनोच्या खाली, बरोबर त्या जागी, पातळ कागदाची एक चकती चिकटवली आणि दांडा हळू, दमाने ओढला. ती म्हणाली, "शाईही जरा घट्ट करू या." तिचं बरोबर होतं. तिसऱ्या कागदावर ती उभी राहिली. मसुराएवढ्या जागेवर, सगळं अंग घेऊन, उभी राहिली.

त्या दिवशी कॉफी प्यायला मी स्टुलावर बसलो तो दोरीवर वाळत टाकलेल्या त्या कागदांकडेच बघत बसलो. बायकोही बघत होती. बाई कोपऱ्यात रूळ धूत होती.

"ही पडत कशी नाही गे?" मी म्हटलं. "एवढं अंग एवढ्याशावर. हिच्या अंगठ्याची कातडी किती वेळा सोलली असेल."

"आपली पोरही अशीच नाचत असेल काय हो?"

"असेल."

"मग?"

"मग काय? शब्द दिला नसता तर केव्हाच जाऊन बसलो असतो पहिल्या रांगेत. शेजारच्याला सांगितलं असतं, हिला सायकलवरून मी आणलीय म्हणून. अजून संध्याकाळ झाली की मजला ती पायरी आठवते. ताल ऐकू येतो. एकदोनदा सायकल बाहेरही काढली, तळ्यापर्यंत जाऊन परत आलो." मी पेला खाली ठेवला. "तिला सांगू नकोस हे. तुजला म्हणून बोललो."

"कशाला सांगीन?" बायको म्हणाली.

कोपऱ्यात बाई रूळ धूतच होती. तिने मान वर केली नाही.

काळ्या रंगाचा दिवस मासी महिन्यातला, म्हणजे फाल्गुनाच्या सुमाराचा होता, ऊन लागायला लागलं होतं. बाई लिनोचा तुकडा कापडात गुंडाळून घेऊन आली. तुम्ही म्हणाल, जन्मभर उलटी अक्षरं वाचणाऱ्याला ठशावर चेहरा दिसला नाही काय? नाही दिसला. तुकड्यावर आधीच्या तपकिरीचा डाग, त्यावर ओली काळी शाई. काळ्यावर काळं, नुसतं चकाकत होतं, आणि डावा डोळा माझा असा. मी रूळ फिरवला, तिने कागद खुणांना लावून ठेवला, मी दांडा ओढला. तिने दोन कोपरे धरून कागद सोलून काढला आणि उजेडाकडे धरला.

आधी मला हात छान वाटले. मग मान. मग चेहरा बघितला. चेहरा अर्धा वळलेला होता, डोळे खाली, आणि खालचा ओठ दातांत धरलेला.

तोल सांभाळायचा असला की माझी नात खालचा ओठ दातांत धरते. सायकलच्या दांडीवर बसायची तेव्हापासून. शिक्षिका आतून ओरडायच्या, "ओठ सोड!", ते मी पायरीवर बसून हजार वेळा ऐकलंय. अभिनयाच्या नाचात तो ओठ चालत नाही. तिकडच्या नाचात चालत असेल, किंवा तिकडेही कुणी ओरडत असेल.

मी शाईचे हात फडक्याला पुसले. तमिळमध्ये विचारलं, "ही कोण?"

बाईने कागद खाली केला. तिने दाराकडे बघितलं. दारात बायको दोन पेले घेऊन उभी होती.

"ही कोण गे?"

"ओळखलंत की," बायको म्हणाली.

तेवढ्यात ती बाई बोलली. मराठीत. पुस्तकासारखी, जरा अडखळत, पण मराठीत. "आजोबा, यांना बोलू नका. कल्पना तुमच्या नातीची होती. मी तिचे कार्यक्रम बघून रेखाटनं केली होती, तर तीच म्हणाली की हे माझ्या आजाकडे छापा."

मी त्या क्षणी नातीचं ऐकलंच नाही. मी म्हटलं, "तुम्हांला मराठी येतं?"

"पुण्यात शिकले. बोलायची सवय गेली. कळतं."

"पहिल्या दिवसापासून कळत होतं?"

"हो."

"सगळं?"

ती हातातल्या कागदाकडे बघू लागली. मी बायकोकडे वळलो. "आणि तुजला हे ठाऊक होतं."

बायकोने पेले टायपाच्या घोडीवर, खिळ्यांच्या पेट्या असतात त्या मांडणीवर, ठेवले. त्या घोडीवर आम्ही ओलं काही ठेवत नाही, लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला ठाऊक आहे. "ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही समोरासमोर कधी बोलला असता काय हो? चार वर्षं मी भिंतीशी बोलले."

"पायरीचं सांगितलंत तिला?" हे मी बाईला विचारलं.

तिने मान डोलावली. "त्याच दिवशी. फोनवर. ती खूप रडली, आजोबा. आनंदाने."

"मी तिला नव्हतं सांगितलं," मी म्हटलं. "तुम्हांलाही नव्हतं सांगितलं."

मग सगळं बाहेर आलं, तुकड्यातुकड्याने, दोघींच्या तोंडून. पुढच्या महिन्यात चेन्नईत नातीचा कार्यक्रम होता. सभागृहाच्या दाराशी ही चित्रं लावायची होती. मी आधी चित्र बघीन, मन उतरेल, मग आपणच म्हणीन चला जाऊ, असा त्यांचा बेत. मुलीला, जावयाला, तिकडे आखातात, सगळ्यांना ठाऊक. रविवारी नात फोनवर हसली ती कोंबडीला हसली नव्हती. मला हसली होती. पडेल काय ती, म्हणून मलाच विचारलं.

"तुम्ही शब्द मोडला नाहीत," बायको म्हणाली. आवाज नेहमीचा, भांडी घासताना बोलते तसा. "आम्ही मोडवला. विठोबाला काय सांगायचं ते मी सांगीन. आता चेन्नईचं तिकीट काढू द्या."

"शब्द माझा होता गे. मोडायचा तर मी मोडला असता. कदाचित मोडलाही असता ह्याच साली. आता काय मोडू? तुम्ही माझ्या हातात काय ठेवलंत?"

"हट्ट ठेवलाय," ती म्हणाली. "तो कुणी नेत नाही."

बाई हसली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगतो. तिने मला विचारलं, बाकीचे कागद? दोरीवर वीसेक कागद लटकत होते. हात होते, पाय होते, जाळीचा घेर होता, चेहरा कुणालाच नव्हता. मी दिवा बंद केला आणि तिला बाहेर जायला सांगितलं. तिची नेहमीची बस चुकेल असंही सांगितलं, कारण चुकली असती.

संध्याकाळी नातीचा फोन आला. वार रविवार नव्हता. बायकोने तो माझ्यासमोर धरला, आतून "आजा, आजा" ऐकू येत होतं. मी घेतला नाही. राग होता म्हणून नाही घेतला असं घरचे सांगतात. राग तर होताच. पण त्या आवाजाला आता माझं ते ठाऊक होतं जे मी कुणाला दिलं नव्हतं. समोरच्याने आपल्या खिशात हात घालून बघितल्यावर आपण त्याच्याशी पावसापाण्याचं बोलतो काय?

जेवताना बायको वाढत होती. मी म्हटलं, "रसम पोदुम." पुरे, एवढंच. पण तमिळमध्ये म्हटलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, उंबऱ्याच्या आत मी तिच्याशी तमिळ कधी बोललो नव्हतो. दूधवाल्याशी बोलतो ती बोली. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. मग तिने भांड्यावर झाकण ठेवलं आणि स्वतः न जेवता उठली. मी ताट पुसून जेवलो. मला ते गोड लागलं असं नाही, पण जेवलो.

विठोबापुढे त्या दिवशी मी गेलो नाही. त्याने सगळं बघितलं होतं आणि तोही बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी कॉफीच्या आधी प्रेसमध्ये गेलो. दाराला आतून कडी लावली. लिनोचा तुकडा होता तसाच प्रेसच्या लोखंडी बिछान्यावर होता, काळी शाई त्यावर वाळायला लागली होती. घासलेटाने तो स्वच्छ केला. नवी शाई काढली, घट्ट, जशी ती बाई म्हणाली होती तशी. पहिला कागद दोरीवरून काढला.

हे काम एका माणसाचं नव्हे. शाईचे हात कागदाला लागायचे नाहीत, म्हणून एक माणूस शाईचा आणि एक कागदाचा. आमच्या प्रेसमध्ये कागदाचे हात जन्मभर बायकोचे. त्या सकाळी मी शाई लावी, बादलीत हात धुवी, कोरडे करी, कागद खुणांना लावी, दांडा ओढी, कागद सोलून दोरीवर टाकी आणि पुन्हा रूळ घेई. खांदा दुखायला लागला. उन्हाची तिरीप जमिनीवर आली आणि पुढे सरकली. दोनदा बाहेरून बायको म्हणाली, "उघडा हो, मी कागद धरते." दुसऱ्यांदा तिचा आवाज रडका होता. मी उघडलं नाही. थोड्या वेळाने ती तिरुवलंचुळीची बाईही आली असावी, बाहेर दोघींची कुजबुज ऐकू आली. मराठीतच चालली होती.

प्रत्येक कागद सोलला की मी तो उजेडाकडे धरी आणि बघी. आता कुणी दाखवत नव्हतं. मला ठाऊक होतं काय बघतो आहे ते, आणि मी बघत होतो. तिची मान, तिचा ओठ, अंगठ्याच्या टोकाखालची मसुराएवढी जागा. एकही कागद मी न बघता टाकला नाही. शब्द होता माझा. तो मी त्या सकाळी, कडी लावून, एकेक कागद करत मोडला. काल दुपारी तो मोडला होता असं जो म्हणेल तो खोटं बोलतो, मग ती माझी बायको का असेना.

दोन कागद बिघडले. ते फाडले नाहीत, बाजूला ठेवले.

शेवटचा कागद दोरीवर टाकला, शाईची फळी पुसली, रूळ टांगला. बाहेर कॉफीचा पेला पायरीवर ठेवल्याचा आवाज झाला. मी स्टूल दोऱ्यांच्या मधोमध ओढलं, बसलो, आणि दार न उघडता तिचा नाच बघत राहिलो.